टेक

नवा सर परदेशातून शिकून आलाय.
आधीचे सर म्हणायचे, 'चालो मालूबेन, आराम करो.'
हा घड्याळ बघतो, पेन्सिल कानावर खोचतो
आणि म्हणतो, 'टेक फाइव्ह.'

पहिल्या दिवशी मला वाटलं, पाच रुपये देतोय.
मी हात पुढं केला.
पोरं हसली. तोही हसला, कान लाल झाले त्याचे,
मग पंजा उघडून दाखवला : पाच मिनिटं.
मी हात पदराखाली ओढला
तर सकाळी त्यांनीच चुणी चुणी करून बसवलेला पदर
सगळा विस्कटला.

रात्री भाकरी थापताना तो शब्द परत आला.
टेक.
हा तर आपलाच.
दांडिया बाजारातून पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आले
की आई दारातच म्हणायची, 'टेक गं जरा, मग बोल.'
टेकायला तिथं असायचं काय,
एक पोतं, एक पायरी,
नाहीतर तिचा गुडघा.

पण माझं कामच टेकायचं.
चाळीस मिनिटं स्टुलावर,
डावा हात मांडीवर, हनुवटी खिडकीकडं,
नाकावर माशी बसली तर बसली.
बावीस पोरं मला बघतात
तसं कुणी बघितलं नाही आजवर,
बघायला म्हणून आलेल्यांनीसुद्धा.
लोक दमले की बसतात.
मी दमते आणि उठते.

उठायच्या आधी कुणीतरी वाकतं,
माझ्या पावलांभोवती खडू फिरवतं,
स्टुलाच्या पायांभोवतीही.
म्हणजे पाच मिनिटांनी मी परत यावं
ते ह्याच मालूत.

पहिलं मिनिट मुंग्यांचं जातं.
बाकी चारांचा हिशोब मला कधी लागला नाही.
नळावर तोंड धुते, अर्धा कप चहा,
मग चित्रांमधून एक फेरी.
एकीनं मला माझ्या आईचं नाक दिलंय,
तिला कुठं माहीत.
एकानं तोंड कोरंच ठेवलंय, म्हणतो, 'ते शेवटी.'
आणि तो कोपऱ्यातला, कधी न बोलणारा,
त्यानं नुसती टाच काढलीये.
भेगा अशा मन लावून
की घरी जाऊन व्हॅसलीन लावायला हात धजेना.
लावलं आणि उद्या त्याचं चित्र चुकलं तर?

संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर
माणसं स्कूटर थांबवून खाली बघतात.
चिखलात मगर. जबडा उघडा,
तासभर हालचाल नाही.
'आळशी आहे साली,' कुणीतरी म्हणतं.
मी म्हणते, नाही हो भाऊ,
ती कामावर आहे.

घरी माझ्या पावलांना खडू नाही.
ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दोरीपर्यंत,
कुठून निघाले ते कळायच्या आत तिसरीकडं.
परवा खडूचा एक तुकडा कनवटीला लावून आणला.
तवा तापला होता, भाकरी टाकली,
वाकून माझ्याच पावलांभोवती रेघ ओढली,
कंबर कुरकुरली,
आणि रेघेतून बाहेर पडून
उंबऱ्यावर जाऊन टेकले.

हे आतून म्हणाले, 'काय झालं?'
म्हटलं, 'फाइव्ह.'
'काय?'
मी पंजा दाखवला.

समोरच्या जिन्यावर घोडक्यांचा पोरगा
सायकलची चेन बसवत होता, बसत नव्हती.
त्याचे काळे हात बघत राहिले.
वास सुटला. मी उठले नाही.
आत भांडं सरकलं, चिमटा सापडेना, मग सापडला.

मान वळवून बघितलं तेव्हा
हे ओट्यापाशी, माझ्या खडूत उभे,
भाकरी उलटवत होते.
पाय ह्यांचे मोठे,
दहाही बोटं रेघेच्या बाहेर.